रोगाचा शोध आणि शोधकाचे वेतन

इ. स. २०२४ च्या डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या खेड्यांतून एक चमत्कारिक वार्ता बाहेर आली. माणसांच्या डोक्यावरील केस नुसते ओढताच मुठीत येऊ लागले आणि तीनचार दिवसांच्या आत टक्कल पडू लागले. पुरुष, बायका, शाळेत जाणारी मुले, कोणीच त्यातून सुटले नाही. जानेवारी संपेपर्यंत अठरा गावांतील २७९ माणसांची नोंद झाली. प्रथम संशय पाण्यावर गेला, मग बुरशीवर. आरोग्यखात्याची पथके आली, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील व भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेतील तज्ज्ञ आले. त्याच सुमारास महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर हेही तेथे पोहोचले. त्यांनी रोग्यांचे रक्त, लघवी व केस यांचे आणि शिधावाटपाच्या दुकानातील गव्हाचे नमुने तपासून घेतले, आणि त्या गव्हात सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण अतोनात आहे, शरीरातील जस्त मात्र घटले आहे, असा निष्कर्ष २०२५ च्या फेब्रुवारीत मांडला. हा सर्व उद्योग त्यांनी स्वखर्चाने केला.

या प्रकरणाची वैद्यकीय बाजू वर्तमानपत्रांतून पुष्कळ चर्चिली गेली. जमाखर्चाची बाजू मात्र कोणी फारशी पाहिली नाही, आणि इतिहासाच्या दृष्टीने तीच अधिक बोलकी आहे. सरकारी पथकांतील माणसे आपापल्या कायम पगारावर होती. पुढे आलेला खाजगी वैद्य पदरचे पैसे मोडीत होता. ज्या गृहस्थाला आजकाल ‘क्लिनिकल रिसर्च मॅनेजर’ म्हणतात, म्हणजे माणसांवर होणाऱ्या औषधी चाचण्यांची सर्व व्यवस्था पाहण्यासाठीच ज्याला पगार मिळतो, तो मात्र त्या अठरा गावांत कोठेही नव्हता. पुण्यामुंबईस असे व्यवस्थापक मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांचे वेतनही चांगले आहे. मग शेगावास का नसावा? या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे तर सव्वाशे वर्षे मागे गेले पाहिजे.

हिंदुस्थानात माणसांवरील चाचणीचे शास्त्रशुद्ध काम प्रथम ज्याने केले, त्याला त्या कामाचा पगार नव्हता. वॉल्डेमार हाफकिन हा ओडेसा येथे १८६० साली जन्मलेला जंतुशास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून १८९३ साली कलकत्त्यास उतरला, तो पटकीची लस बरोबर घेऊन. सरकारने त्याला परवानगी दिली, प्रवासाची सोय काही अंशी केली. मुशाहिरा दिला नाही. सुमारे अडीच वर्षांत त्याने तुरुंग, पलटणी, चहाचे मळे आणि खेडी पालथी घालून बेचाळीस हजारांवर माणसांना टोचले. त्याची रीत लक्षात ठेवण्याजोगी आहे. एकाच बराकीत, एकाच अन्नपाण्यावर राहणाऱ्या लोकांपैकी काहींना टोचावयाचे, काहींना नाही, आणि पुढे दोन्ही गटांतील आजारी व मेलेल्यांची गणती करावयाची. आजच्या चाचणीचा पायाच हा. परंतु अशा कामाला नोंदवहीवाला लागतो, माणसांची समजूत घालणारा लागतो, टोचलेला मनुष्य गाव सोडून गेला तर त्याचा माग काढणारा लागतो. आजच्या व्यवस्थापकाची ही सर्व कामे. त्या काळी ती शास्त्रज्ञ स्वतःच करी, किंवा त्या त्या ठिकाणचे सरकारी डॉक्टर आपल्या नेहमीच्या कामात भर म्हणून करीत.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत गाठीचा ताप प्रकट झाला आणि सरकारचे डोळे उघडले. ऑक्टोबरात हाफकिनला मुंबईस बोलावून ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली देण्यात आली. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई, एवढाच सरंजाम! तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनने ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांपैकी सुमारे निम्म्यांना टोचून तिची परीक्षा झाली. पुढील वर्षी आगाखानांनी आपला खुश्रू लॉज हा बंगला प्रयोगशाळेस दिला, आणि १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा थाटाने उघडली. तीच १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणून प्रसिद्ध आहे. तीन शिपायांपासून एवढ्या वैभवापर्यंतचा प्रवास तीन वर्षांत झाला, याचे कारण शास्त्रावरील प्रेम नव्हे. मुंबई बंदराचा व्यापार प्लेगने ठप्प होत होता. वऱ्हाडचा कापूसही खामगावच्या बाजारातून रेल्वेने याच बंदरात येई. शोधाला पैसा मिळतो तो रोगाच्या तीव्रतेमुळे मिळत नाही. त्या रोगाने कोणाचे नुकसान होते, यावर तो अवलंबून असतो. पुढील सव्वाशे वर्षांचा इतिहास या एका सूत्राभोवती फिरतो.

मुंबईबाहेरचे एक उदाहरण येथे अप्रस्तुत होणार नाही. १८९८ च्या फेब्रुवारीत वडोद्याजवळच्या उंढेरा गावी प्लेग चालू असताना प्रत्येक कुटुंबाचे दोन भाग करून एका भागास लस टोचण्यात आली. टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले व ३ मेले. न टोचलेल्या ६४ पैकी २७ आजारी पडले व त्यातले २६ मेले. हे आकडे जगभर गाजले. ते मिळाले याचे श्रेय मात्र घरोघर फिरून कुटुंबे मोजणाऱ्या, कोणास टोचले व कोणास नाही याची याद ठेवणाऱ्या माणसांनाही आहे. त्यांच्या वेतनाचा उल्लेख शास्त्रीय निबंधांत नसतो. तसा रिवाजच नाही.

वऱ्हाडात ही माणसे कोण होती, हे पाहण्यासारखे आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आला आणि १९०३ पासून तो मध्यप्रांताशी जोडला गेला. बुलढाण्याच्या टेकडीवर सिव्हिल सर्जन असे. तालुक्याच्या दवाखान्यांतून पूर्वी ‘हॉस्पिटल असिस्टंट’ व नंतर ‘सब-असिस्टंट सर्जन’ या हुद्द्याचे देशी डॉक्टर असत. वरच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या. तिची परीक्षा लंडनला होई. खालच्या जागा येथल्या मेडिकल स्कुलांतून शिकून निघालेल्यांच्या. नागपूरचे रॉबर्टसन मेडिकल स्कूल १९१४ साली निघाले, तेव्हा कोठे वऱ्हाडातील मुलाला हे शिक्षण प्रांतातच मिळू लागले. दोन्ही वर्गांच्या पगारांत आकाशपाताळाचे अंतर होते, आणि ते अंतर कामाच्या मानाने ठरलेले नव्हते. साथीच्या गावात मुक्काम करणारा, देवी टोचणारा, पाटलाच्या जन्ममृत्यूच्या वहीवरून आकडे उतरवून घेणारा हा खालच्या पगाराचा. त्या आकड्यांवर अहवाल लिहिणारा वरच्या पगाराचा. रोग्यापासून जितके दूर, तितके वेतन अधिक, ही रूढी तेव्हाच पडली.

तथापि वरच्या जागेचा पगार निव्वळ मानाचा होता असे म्हणणेही न्यायाचे होणार नाही. त्यात जबाबदारीची किंमत असते, आणि ती किती जबर असू शकते हे हाफकिनच्याच आयुष्यात दिसले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावी १०७ लोकांना प्लेगची लस टोचली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. चौकशी झाली, ठपका प्रयोगशाळेवर ठेवला गेला, हाफकिनला पद सोडावे लागले. वस्तुतः दोष टोचण्याच्या जागी झाला होता: बाटली उघडणाऱ्या मदतनिसाच्या हातातून चिमटा जमिनीवर पडला आणि पुरेसा शुद्ध न करताच तो पुन्हा वापरला गेला. सर रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये हाफकिनची बाजू मांडली आणि १९०७ साली तो दोषमुक्त ठरला. परंतु मुंबईची जागा त्याला परत मिळाली नाही. कलकत्त्यास परत येऊन त्याने काही वर्षे काढली, तीही माणसांवरील प्रयोगांस मनाई असताना. आज चाचणीतल्या प्रत्येक कुपीचा क्रमांक, ती कोणी उघडली, केव्हा उघडली, कोणत्या उष्णतामानात ठेवली, हे सारे लिहून ठेवावे लागते. लिहून ठेवले की नाही हे पाहणारा मनुष्य म्हणजे व्यवस्थापक. त्याच्या पगारात मलकोवालच्या एकोणीस मृत्यूंचा वाटा आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

संशोधनासाठी स्वतंत्र पैसा बाजूला काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९११ चा. त्या वर्षी सरकारच्या पाच लाख रुपयांच्या देणगीवर इंडियन रिसर्च फंड असोसिएशन स्थापन झाली. तिच्या नियामक मंडळाची पहिली बैठक १५ नोव्हेंबर १९११ रोजी परळच्या प्रयोगशाळेतच भरली. पैसा आला तसा जाऊही लागला: १९२३ च्या इंचकेप काटकसर समितीची कुऱ्हाड या अनुदानावरही पडली. पुढे १९४६ साली भोर समितीने संशोधनाचा विस्तार करावा असे सुचविले, आणि १९४९ मध्ये असोसिएशनचे रूपांतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेत झाले. या साऱ्या स्थित्यंतरांत एक गोष्ट कायम राहिली. शोधासाठी मंजूर होणारा पैसा मुदतीचा असतो. प्रश्न संपो अगर न संपो, मुदत संपली की माणसे घरी जातात.

औषधी चाचण्यांचा व्यवस्थापक ही जात मात्र सरकारी मुळीच नाही. तिचा उदय कायद्यातून झाला. १९७० च्या पेटंट कायद्याने औषध बनविण्याच्या कृतीवर हक्क मिळे, औषधावर मिळत नसे. त्यामुळे परदेशी कंपन्यांना येथे नव्या औषधाची चाचणी घेण्यात स्वारस्य नव्हते. २००५ साली औषधावरच वीस वर्षांचा हक्क मान्य झाला, आणि त्याच वर्षी चाचण्यांचे नियम बदलून परदेशातील चाचणीबरोबरच येथेही तीच पायरी घेण्यास मोकळीक मिळाली. हक्काची वीस वर्षे अर्ज केल्या दिवसापासून मोजली जातात. चाचणीत गेलेला प्रत्येक महिना म्हणजे विक्रीतून वजा झालेला महिना. म्हणूनच जो मनुष्य दहा शहरांतील वीस रुग्णालयांत एकाच वेळी रोगी नोंदवून घेईल, कागद चोख ठेवील आणि ठरल्या दिवशी काम पुरे करील, त्याला कंपनी आनंदाने पैसे मोजते. तिच्या लेखी तो पगार नसून वेळेचे मोल आहे.

येथून पुढे पगाराचे घटक सहज ओळखू येतात. प्रायोजक परदेशी असेल तर वेतन अधिक, देशी असेल तर कमी. कर्करोगासारख्या गुंतागुंतीच्या व्याधीचा अनुभव असेल तर अधिक. एका केंद्रावर रोग्यांची कागदपत्रे सांभाळणारा समन्वयक सर्वांत खाली. केंद्राकेंद्रास फिरून ती तपासणारा त्याच्या वर. अनेक केंद्रांचा, खर्चाचा व वेळापत्रकाचा जबाबदार व्यवस्थापक त्याच्याही वर. समन्वयकाचा पगार बहुधा रुग्णालयाला दर रोग्यामागे मिळणाऱ्या रकमेतून निघतो, आणि रोगी आले नाहीत तर त्याची जागाही डळमळते. व्यवस्थापकाचा पगार थेट प्रायोजकाच्या तिजोरीतून येतो. जुनी रूढी येथेही सुटलेली नाही: रोग्याचा हात धरून त्याला संमतिपत्र वाचून दाखविणारा सर्वांत स्वस्त.

मध्यंतरी या धंद्याला मोठा धक्का बसला. चाचण्यांत दगावलेल्यांना भरपाई मिळत नाही, संमती नाममात्र घेतली जाते, अशा तक्रारी सर्वोच्च न्यायालयापुढे गेल्या. २०१३ च्या जानेवारीत भरपाईचे नियम आले आणि मंजुऱ्यांची संख्या एकदम खाली आली. २०१९ च्या नव्या नियमांनी गाडी पुन्हा रुळावर आणली. गंभीर अपाय झाल्यास चोवीस तासांत कळविण्याचे बंधन, नीतिसमितीची नोंदणी, भरपाईचे सूत्र, हे सर्व स्पष्ट झाले. कंपन्यांनी नियमांविरुद्ध पुष्कळ कुरकुर केली; परंतु ज्यांना नियम तोंडपाठ होते त्यांची किंमत नियमांनीच वाढविली. रोग्याच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्याने प्रथम व्यवस्थापकाचे भले व्हावे, हा योगायोग मौजेचा खरा.

सरकारी प्रकल्पांचे वेतन उघडपणे जाहीर होत असल्याने त्याचा हिशेब अधिक स्वच्छ मांडता येतो, आणि बुलढाण्याचे दुखणे नेमके तेथे सापडते. आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ नंतरच्या जाहिरातींत प्रकल्पावर घेतलेल्या वैद्यकीय पदवीधर शास्त्रज्ञास दरमहा ६७,००० रुपये, वैद्यकेतर शास्त्रज्ञास ५६,००० आणि तांत्रिक साहाय्यकांस पायरीप्रमाणे २८,०००, २०,००० व १८,००० रुपये असे दर आढळतात. याशिवाय घरभाडे भत्ता, आणि तो शहराच्या वर्गावर ठरतो. २०२४ पासून केंद्र सरकारच्या नियमाने मुंबई किंवा पुण्यास तो शेकडा ३०, नागपूर वा अमरावतीस शेकडा २०, आणि बुलढाणा, खामगाव, शेगाव यांसारख्या गावी शेकडा १० आहे. म्हणजे ६७,००० च्या जागेवरील डॉक्टरला पुण्यास ८७,१००, शेजारच्या अमरावतीस ८०,४०० आणि शेगावास ७३,७०० रुपये पडतात. शेगावात घरे स्वस्त आहेत हे खरे. परंतु त्या डॉक्टरने कोणत्या गावी राहावे, यासाठी या कोष्टकात एकच दिशा दाखविलेली आहे, आणि ती पूर्णेच्या खोऱ्याकडे जाणारी नव्हे. साथ ज्या गावात असेल तेथे जाणाऱ्यास अधिक द्यावे, असा स्तंभ या कोष्टकात नाही.

पैसा आणि माणूस गावात टिकले तर काय होते, याचे उत्तर विदर्भातच आहे. गडचिरोलीस डॉक्टर अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९३ पासून ३९ खेड्यांत नवजात बालकांच्या घरगुती शुश्रूषेची चाचणी केली. ४७ खेडी तुलनेसाठी ठेवली. गावातल्याच थोडे शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा शेकडा ६२ ने कमी झाले, आणि १९९९ साली लॅन्सेट या नियतकालिकाने तो निबंध छापला. ही पद्धत पुढे सबंध देशाने उचलली. तेव्हा २०११ साली आशा कार्यकर्तीस एका बालकामागे बेचाळीस दिवसांतील सहा फेऱ्यांसाठी २५० रुपये ठरले, म्हणजे फेरीस बेचाळीस रुपयेसुद्धा पुरते पडत नाहीत. जगन्मान्य शोधाची ही गावपातळीवरची मजुरी!

सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान महाविद्यालय १९६९ पासून आहे. पुण्याजवळ वढू येथे के. ई. एम. रुग्णालयाचे ग्रामीण केंद्र डॉक्टर बानू कोयाजींनी उभे केले. २०२० साली करोनाच्या कोव्हिशील्ड लशीची चाचणी घ्यावयाची ठरली तेव्हा या दोन्ही ठिकाणांची निवड झाली. तेथे शिकलेली माणसे होती, लोकांचा विश्वास होता, वर्षानुवर्षांच्या नोंदी होत्या. आधी कोणीतरी फायद्याचा विचार न करता पगार दिलेला असावा लागतो. मग फायद्याचा पैसा मागून येतो. बुलढाणा जिल्ह्यात तो पहिला पगार कोणी दिला नाही. जिल्ह्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झाले. केसगळतीची वार्ता त्यानंतर दोनच महिन्यांनी आली.

डॉक्टर बावस्करांची गोष्ट या दृष्टीने पुन्हा पाहिली पाहिजे. जुन्या रॉबर्टसन स्कूलच्या जागी १९४७ मध्ये निघालेल्या नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात ते शिकले, आणि महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात सरकारी डॉक्टर म्हणून काम करताना विंचूदंशाचा अभ्यास त्यांनी आरंभला. रात्रभर रोग्याच्या खाटेशी बसून रक्तदाब व नाडी लिहून ठेवणे, हीच त्यांची प्रयोगशाळा. विंचवाच्या विषावर प्रॅझोसिन हे औषध गुणकारी ठरते हे त्यातून सिद्ध झाले आणि कोकणातील मृत्यूंचे प्रमाण कमालीचे घटले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्रॅझोसिन हे जुने, स्वस्त औषध. त्यावर कोणाचा हक्क उरलेला नव्हता, म्हणून कोणत्याही कंपनीला तो शोध विकत घ्यावयाचा नव्हता. शेगावच्या गव्हाचीही तीच गत. दोष गव्हात असेल तर उपाय गहू बदलणे हा आहे, आणि गहू बदलण्याचे पेटंट निघत नाही.

केसगळती हा तरी डोळ्यांना दिसणारा प्रकार होता. वृत्तपत्रांत छायाचित्रे आली आणि दिल्लीपर्यंत हालचाल झाली. त्याच पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, संग्रामपूर, जळगाव जामोद आणि शेगाव तालुक्यांतून, मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार कित्येक वर्षे चालू आहे. विहिरींचे खारे पाणी त्याचे कारण असावे, असे लोक म्हणतात. खरे खोटे ठरविण्यास दहापाच वर्षे त्याच माणसांच्या मागे राहून, वर्षातून दोनदा रक्त तपासून, गाव सोडून गेलेल्यांचा पत्ता ठेवून, मेलेल्यांचे कारण लिहून ठेवणारा मनुष्य पाहिजे. चाचणी व्यवस्थापकाला जे जे शिकविले जाते ते ते सर्व येथे लागते. प्रायोजक मात्र नाही. कारण शेवटी जे निघेल ते गोळी नसून नळाचे गोडे पाणी असेल.

शेगावच्या गावांत बऱ्याच जणांचे केस काही आठवड्यांनी पुन्हा उगवू लागले. २०२५ च्या एप्रिलात त्याच भागातून नखे ठिसूळ होऊन गळत असल्याच्या तक्रारी आल्या. पथके पुन्हा आली आणि नमुने पुन्हा घेण्यात आले.